मारिओचा ठोकळा: पुठ्ठ्याचा करावा की सनबोर्डचा?

वर्गात मारिओ या व्हिडिओ गेममधला तो पिवळा, प्रश्नचिन्हाचा ठोकळा टांगायचं तुमचं ठरलं असेल, तर आता प्रश्न साहित्याचा: पुठ्ठा की सनबोर्ड, म्हणजे फलकांसाठी वापरतात ती फोमची हलकी, कडक शीट? थर्माकोल मी धरतच नाही. २०१८च्या राज्याच्या प्लॅस्टिकबंदीत सजावटीचं थर्माकोलही आलं. शिवाय त्यावर स्प्रे मारला की खड्डे पडतात आणि चुरा वर्गभर उडतो तो वेगळाच.

मी तिसरीच्या वर्गासाठी दोन्ही करून पाहिलेत. खेळात त्या ठोकळ्याला खालून धडक द्यायची असते, आपण बुक्कीवर भागवतो. आत एक उतरती फळी, तिच्यावर जाड कार्डशीटची गोल नाणी, समोर खालच्या कडेला फट. दणका बसला की नाणं घसरून खाली पडतं, त्यावर ‘आठ सत्ते किती?’ असं काहीतरी. कधी तीन-तीन पडतात. मग तिन्ही सोडवायची, असा नियम मुलांनीच करून टाकला.

दिसण्याचं म्हणाल तर सनबोर्ड पुढे, वादच नाही. फ्लेक्सवाला पाच एमएमच्या शीटवर प्रिंट चिकटवून, कापून हातात देतो. कडा सरळ, रंग झगझगीत. पुठ्ठ्याचं तसं नाही. पावसाळ्यात तो मऊ पडतो आणि पोस्टर कलरचा ओला हात फिरला की पापडासारखा वाकतो. गॅदरिंगला एकदाच स्टेजवर मांडायचा असेल, तर पुढचं वाचूही नका, सनबोर्डच घ्या.

पण वर्गातला ठोकळा रोज मार खातो, आणि माझं घोडं तिथेच अडलं. सनबोर्डचा सांधा. कडेची जाडी पाच मिलिमीटर, तीही गुळगुळीत. पांढरा गोंद तिथे धरतच नाही. ग्लू गनने चिकटवलं तर दिसायला घट्ट, पण चार बुक्क्यांत तळ सुटायला लागतो, आणि सुटतो तेव्हा गोंदाची अख्खी कांडी अलगद हातात येते, दोन्ही कडांचा ठसा घेऊन. झटपट चिकटणारा गोंद कडक होतो आणि दणक्याने तडकतो. ती बाटली मुलांच्या आसपास नकोच. वरून चिकटपट्टी मारावी, तर पुढच्या वेळी ती काढताना प्रिंटचा पापुद्रा घेऊन निघते. कोपऱ्यांत आतून पट्ट्या देऊन कुणी पक्का बांधत असेल, तर त्याचा टिकतही असेल. माझा टिकला नाही, आणि दर वेळी दुरुस्ती माझ्याच गळ्यात. मुलं नुसती बघत उभी.

पुठ्ठाही फाटतो, किंबहुना जास्तच फाटतो. पण मधल्या सुट्टीत दोन मुली वर्तमानपत्राच्या पट्ट्या आणि खळ घेऊन बसतात आणि तळ पुन्हा बांधून देतात. दुरुस्त केलेला भाग मूळ भागापेक्षा कडक होतो, असा माझा तरी अनुभव आहे.

रंगाचा घोळ टाळायला घोटीव कागद वापरा. १९८५च्या मूळ खेळात हा ठोकळा १६ बाय १६ पिक्सेलचा होता. बाजू ४८ सेंटिमीटरची धरली की एक पिक्सेल बरोबर ३ सेंटिमीटरचा चौरस. एका बाजूला २५६ तुकडे, म्हणजे काम बरंच आहे. पण ते मुलांना करता येतं, आणि सोळाचा पाढा न येणारी मुलंही ओळी मोजत २५६वर पोचतात. प्रश्नचिन्हाचा आकार आधी चौकटीच्या वहीत काढून घ्यावा, नाहीतर तो उलटा वळतो. खळ पातळ नको. आणि बाहेर कागद लावला तसा आतूनही साधा कागद लावा, म्हणजे पुठ्ठा एका बाजूला ओढला जात नाही.

सनबोर्डवरही हेच करता येईल, नाही असं नाही. पण कटर शेवटी आपल्याच हातात राहतो, आणि छापील प्रिंट मिळत असताना चौरस कापत कोण बसणार?

तेव्हा शोभेला सनबोर्ड, वापराला पुठ्ठा, असं मी म्हणेन. तुमच्या वर्गातली मुलं शांत असतील तर गोष्ट वेगळी. खोका इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मागा, पाच पदरी असेल तोच घ्या आणि पुठ्ठ्याच्या आतल्या नागमोडी पदराच्या नळ्या उभ्या येतील असा कापा. टांगताना दोरी वरच्या झाकणाला बांधू नका. ती झाकणातून आत घेऊन तळाखालून फिरवा आणि परत वर काढा, म्हणजे वजन तळावर राहतं आणि बुक्कीने झाकण उचकटत नाही. उंची वर्गातल्या सगळ्यात बुटक्या मुलाच्या हाताला येईल एवढीच.