चॉकलेटची चटक कमी करायचीय? अमूलचं 75 टक्केवालं घ्या, 99 च्या वाटेला जाऊ नका

मी सोलापुरात दहावीच्या गणिताच्या शिकवण्या घेते. या धंद्यात चॉकलेट विकत आणावं लागत नाही, ते आपणहून घरी चालत येतं. रोज कुणाचा ना कुणाचा वाढदिवस, आणि वाटताना "मॅडम, तुम्हाला दोन!" ठरलेलं. निकाल लागला की पालकांकडून मोठा डबा येतो तो वेगळा. शेवटची बॅच सुटली की खडूचे हात धुवायच्या आधीच एक कागद सोलला जायचा, पाठोपाठ दुसरा. उपाशीपोटीची साखर 108 आली तेव्हा आमच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सोडा म्हटलं तर तुम्ही सोडणार नाही. निदान कमी करा." तेव्हापासून हे प्रयोग.

आधी एक शुगर-फ्री आणलं, नाव घेत नाही. त्यात साखरेऐवजी माल्टिटॉल असतं. चवीला गोड, पण आतड्यात ते पूर्ण शोषलं जात नाही, म्हणून जरा जास्त झालं की पोट गुरगुरायला लागतं. तसा इशारा वेष्टणावर असतो, अगदी बारीक अक्षरांत. आणि गोडाची चटक आहे तिथेच राहते, मग उपयोग काय?

मग जोरात येऊन थेट अमूलचं 99 टक्के कोकोवालं डार्क चॉकलेट. आमच्या ह्यांनी एक तुकडा तोंडात टाकला आणि काही न बोलता बेसिनकडे गेले. दोष कंपनीचा नाही, 99 टक्के कोको असंच लागणार, कॉफीची पूड चावल्यासारखं. पण ते खाल्लं की हात आपोआप गुळाच्या डब्याकडे जातो, हा खरा घोटाळा. ज्यांना मुळातच कडू आवडतं त्यांनी खुशाल घ्यावं.

75 टक्क्यांवर गाडी रुळावर आली. हे चॉकलेट मोडताना टक्कन आवाज येतो. जिभेवर ठेवलं की आधी फारसं काही कळत नाही, मग कडू, मग पुसटसं आंबट, आणि विरघळत आलं की शेवटी गोड. चावायचं मात्र नाही. कोको बटर 34 अंशांच्या आसपास वितळतं आणि तोंडातलं तापमान त्याच्या थोडंसंच वर, त्यामुळे ते सावकाश सुटतं. दुधाळ चॉकलेट मी वही तपासता तपासता कधी संपवलं ते कळायचं नाही. हे तसं संपत नाही. दोन तुकडे झाले की तिसरा घ्यावासा वाटत नाही, आणि माझ्या मते याची सगळी किंमत त्यातच आहे. भाजलेले शेंगदाणे सोबत घ्या, फार छान लागतात. सोलापूरकरांना हे सांगायला नको.

आता गणिताची बाई म्हणून हिशेब मांडते. 75 टक्के कोको म्हणजे उरलेल्या पाव भागात मुख्यतः साखर. दहा ग्रॅम खाल्लं तर साधारण अडीच ग्रॅम, म्हणजे अर्धा चमचा. दुधाळ चॉकलेटमध्ये साखर वजनाच्या निम्मी तरी असतेच. चाळीस ग्रॅमची वडी संपवली की वीस ग्रॅम, चार-पाच चमचे. पण "डार्क आहे, वजन वाढत नाही" असं आमच्या सोसायटीतल्या वहिनी म्हणतात ते साफ चूक. कोको बटर म्हणजे शुद्ध चरबी, कॅलरी दुधाळ चॉकलेटपेक्षा कमी नसतात. अख्खी वडी खाल्लीत तर पोट सुटणारच.

उन्हाळ्याचं काय? आमच्याकडे मे महिन्यात पारा 42 च्या वर जातो, फ्रीजशिवाय गत्यंतर नाही. हवाबंद डब्यातच ठेवा, नाहीतर चॉकलेट कांदा-लसणाचा वास धरतं आणि मग लसणाच्या चटणीबरोबर खाल्ल्यासारखं वाटतं. खायच्या आधी दहा मिनिटं बाहेर काढा, गार असताना चव लागत नाही. वरती कधी पांढुरका थर दिसला तर बुरशी समजून फेकू नका. वितळून पुन्हा घट्ट होताना कोको बटर वर येतं, खायला काही धोका नसतो.

डार्क चॉकलेट महागलंय हे खरं. 2024 मध्ये घाना आणि आयव्हरी कोस्टकडचं पीक बुडालं, कोकोचा भाव टनाला 10,000 डॉलरच्या पार गेला, आणि ज्यात कोको जास्त त्याला झळ जास्त. तरी कॅफेत मिळणाऱ्या हँडमेड वड्यांपेक्षा हे पुष्कळ स्वस्त पडतं, किराणा दुकानातही मिळतं.

माझ्याकडून पाचपैकी चार. एक गुण कापला तो पाहुण्यांसाठी, कारण लहान पोरं याला हातही लावत नाहीत आणि घरात दुसरं चॉकलेट ठेवावंच लागतं. घेताना खोक्यावरचा आकडा नीट वाचा. 55, 75, 90, 99 शेजारी शेजारी मांडलेले असतात, आणि घाईत 55 उचललंत तर साखर जवळपास दुप्पट घरी येईल.