रताळ्याचा चोर आणि साडेआठ हजारांचा ट्रॅप कॅमेरा: वर्षभर वापरून लिहितोय

पार्सल फोडून दुसऱ्या दिवशी पाच स्टार टाकणाऱ्यातला मी नव्हे. हा ट्रॅप कॅमेरा, म्हणजे समोरनं काही गेलं की आपोआप फोटो काढणारा डबा, गेल्या दिवाळीला घेतला, थंडी गेली, उन्हाळा गेला, आमच्याकडचा पावसाळा गेला (आमच्याकडचा म्हणजे कणकुंबीकडचा, ज्यांनी बघितलाय त्यांना कळेल) आणि आता परत दिवाळी आली तेव्हा लिहितोय. कंपनीचं नाव घेत नाही, कारण हाच डबा, हेच बटण, हीच कडी मी तीन वेगवेगळ्या नावांनी विकताना बघितलीय, त्यामुळं एकट्यालाच शिव्या घालण्यात अर्थ नाही.

आधी घेतला कशाला ते सांगतो. मी नोकरीला उद्यमबागेत, घर बेळगावात, खरं शेत जांबोटीच्या पुढं, जंगलाला लागून. भात, थोडा काजू आणि रताळी. भीमगड अभयारण्य तिथनं लांब नाही, पलीकडं गोव्यात म्हादई, खाली दांडेलीकडं काळी व्याघ्रप्रकल्प, सगळं जंगल एकाला एक लागलेलं, जनावराला काय कर्नाटक आणि काय गोवा. शेत बघतात थोरले काका. गेल्या साली दिवाळीच्या तोंडावर रताळ्याच्या सऱ्या कोणतरी उकरून न्यायला लागलं. कडेकडेनं, रोज थोडं थोडं, पहारीनं खणल्यासारखं. डुक्कर आलं तर ते अख्खी सरी नांगरून टाकतं, हे तसं नव्हतं. त्यामुळं काकांच्या डोक्यात बसलं की हे माणसाचं काम. आणि माणूस म्हणजे कोण, तर पलीकडच्या वाडीतला एक पोरगा, ज्याच्याशी पाण्यावरनं आधीच वाकडं. काका काठी घेऊन जायच्या तयारीत. मी म्हटलं काका आठ दिवस थांबा, मी कॅमेरा लावतो.

ट्रॅप कॅमेरा हा शब्द आमच्याकडं आता कुणाला नवा नाही. 2022 च्या ऑगस्टमध्ये बेळगावात गोल्फ मैदानात बिबट्या शिरलेला तेव्हा शाळा बंद, सक्रेबैलूच्या हत्ती कॅम्पमधनं हत्ती आणलेले, जागोजागी ट्रॅप कॅमेरे, आणि बिबट्या शेवटपर्यंत हाताला लागला नाही तो नाहीच. तेव्हापासनं गल्लीतल्या पोरांना पण माहितीय. खरं स्वतः पैसे घालून घेतलेला आमच्यात मीच पहिला. काकांनी डबा हातात घेऊन उलटासुलटा केला आणि विचारलं, "केवढ्याला?" साडेआठ हजार म्हटल्यावर म्हणाले, "तेवढ्यात राखणीला दोन महिनं गडी मिळाला असता रे."

तर आता वस्तूबद्दल. बॉक्सवर मोठ्या अक्षरात 48 मेगापिक्सल आणि 4के लिहिलंय. ते विसरा. आत सेन्सर चारपाच मेगापिक्सलचाच असतो, बाकीचे पिक्सल सॉफ्टवेअर मधेमधे भरून फुगवतं, म्हणजे फोटो जास्त स्पष्ट येत नाही, फक्त फाइल जड होते आणि कार्ड लवकर भरतं. मी सेटिंग खाली आणून 8 वर ठेवलंय, फरक शून्य. दिवसा फोटो चांगले येतात, रंग जरा निळसर. रात्री काळेपांढरे, ते सगळ्याच अशा कॅमेऱ्यात तसेच असतात कारण रात्री इन्फ्रारेड उजेड मारतो. त्यात दोन जाती आहेत, हे घेताना नक्की बघा. 850 नॅनोमीटरवाल्यात दिवे हलके तांबडे दिसतात, लांबपर्यंत उजेड जातो. 940 वाला माणसाला दिसतच नाही, खरं पल्ला कमी. मी 940 चा घेतला, चोर माणूस असेल तर त्याला दिसायला नको म्हणून. डोकं लावलं बघा.

हा कॅमेरा फोटो काढतो कधी, हे कळायला मला महिना गेला, आणि मॅन्युअलमधनं कळायचा प्रश्नच नाही, ते इंग्रजीत आहे असं वाटतं खरं चिनीतनं ओढून आणलेलं आहे. आत पीआयआर सेन्सर असतो, समोर पांढरट प्लास्टिकची काच दिसते त्याच्यामागं. तो नुसती हालचाल बघत नाही, गरम अंग आजूबाजूच्या तापमानापेक्षा वेगळं असलं आणि ते समोरनं सरकलं तर तो जागा होतो. म्हणजे डिसेंबरच्या पहाटे धुक्यात थंडगार असताना ससा गेला तरी टिपतो, आणि मे महिन्यात भर दुपारी बांधावरचा दगड तापलेला, जनावराचं अंग पण तेवढंच गरम, तेव्हा समोरनं गवा गेला तरी झोपलेला. मी खोटं सांगत नाही, मेमध्ये गव्याचे खूर कॅमेऱ्यासमोर चार हातांवर उमटलेले आणि कार्डावर काही नाही. दुसरं म्हणजे जनावर आडवं गेलं तर पटकन पकडतो, सरळ कॅमेऱ्याकडं चालत आलं तर उशिरा. आणि ऊन पडलेलं गवत वाऱ्यानं हललं की तोच सेन्सर खुळ्यासारखा फोटोवर फोटो.

पहिल्या आठवड्यात मी फणसाच्या झाडाला छातीएवढ्या उंचीवर, तोंड पूर्वेला करून बांधला. शनिवारी कार्ड काढलं तर 1,140 फोटो. घाईघाईनं लॅपटॉप उघडला, काका खांद्यावरनं वाकून बघताहेत. गवत. गवत. सकाळचं ऊन सरळ काचेत. गवत. आमची म्हैस. गवत. मी स्वतः कॅमेरा बांधताना, नाकाच्या आतपर्यंत. गवत. काका काही बोलले नाहीत, उठून गोठ्याकडं गेले, ते बोलले असते तर बरं झालं असतं.

मग समोरचं गवत विळ्यानं साफ केलं, कॅमेरा खाली गुडघ्याच्या उंचीला आणला, तोंड उत्तरेला, आणि सरीच्या कडेनं जाणारं जनावर आडवं जाईल असा तिरका धरला. तिसऱ्या रात्री चोर सापडला. साळींदर! एक नाही, दोन, पुढं मोठं, मागं जरा बारकं, काटे मागं पडलेले, तोंडात अख्खं रताळं, आणि नखांनी उकरायचं काम असं व्यवस्थित की पोरगा बिचारा फुकटच मार खाणार होता. काकांनी फोटो तीनदा बघितला, मग म्हणाले, "साळच हाय." एवढंच. दुसऱ्या दिवशी काकू त्या वाडीवर टोपलीभर रताळी देऊन आली, का ते कुणी विचारलं नाही, कुणी सांगितलं पण नाही.

आता तक्रारी. पहिली तर तारीख. बॅटरी काढली की घड्याळ परत 01/01/2019 वर. तो साळींदराचा ऐतिहासिक फोटो माझ्याकडं आहे आणि त्याच्यावर छापलंय 3 जानेवारी 2019. जिथं कधी आलं, किती वाजता आलं हेच बघायचंय तिथं ही चूक म्हणजे कायच्या काय आहे. आता मी कागदावर बरोबर वेळ लिहून पहिला फोटो त्या कागदाचाच काढतो, नंतर हिशोब करता येतो.

दुसरी बॅटरी. आठ सेल लागतात, डब्यात एकही नाही. खडेबाजारातनं साधे स्वस्तातले आणले, बारा दिवसांत रात्रीचे फोटो अंधारे यायला लागले. रिचार्जेबल घातले तर ते सव्वा व्होल्टच्या आसपासचे, आठ मिळून बारा व्होल्ट होत नाहीतच, दिवसा चालतो आणि रात्री फ्लॅश दम टाकतो. चांगले अल्कलाइन घातल्यावर दोन महिने आरामात गेले. लिथियमचे अजून जास्त टिकतात, खरं किंमत ऐकून परत फिरलो. व्हिडिओ लावू नका, सेल पितो नुसता.

तिसरं म्हणजे पाऊस. डब्यावर लिहिलंय वॉटरप्रूफ. आमच्या जून-जुलैत काय वॉटरप्रूफ राहतंय ओ, घरातली मिठाची बरणी राहत नाही. पाणी आत थेट शिरलं नाही हे कबूल, खरं दमट हवा शिरली, काचेवर आतनं वाफ धरली, आणि दीड महिना सगळे फोटो दुधाच्या पातेल्यातनं काढल्यासारखे. कंपनीला मेल केला तर उत्तर आलं की कृपया दमट जागी वापरू नये. जंगलात लावायची वस्तू! मग रबराच्या कडेला ग्रीस लावलं, आत सिलिका जेलच्या दोन पुड्या (बुटांच्या खोक्यातनं निघालेल्या), वर पत्र्याचं छोटं छप्पर करून बसवलं, हे काकांचं डोकं. त्यानंतर बरं चाललंय. तरी ऑगस्टमध्ये तांबड्या मुंग्यांनी बॅटरीच्या कप्प्यात अंडी घातली, उघडल्याबरोबर हातावर चढल्या, कार्ड खाली चिखलात, मी वर नाचतोय, पायाला जळवा. त्या दिवशी एक स्टार दिला असता.

सिमवाला घेऊ का म्हणून दोघातिघांनी विचारलं, फोटो थेट मोबाइलवर येतो तो. घ्या, खरं आधी तुमच्या शेतात फोन लागतो का बघा. आमच्याकडं रेंजसाठी टेकावर जाऊन उभं राहायला लागतं, कॅमेरा काय टेकावर जाणार?

एक गोष्ट मला यातनं कळली ती म्हणजे वनखात्याची माणसं जे करतात ते किती अवघड आहे. आपण एक कॅमेरा सांभाळताना रडतोय, 2018 च्या व्याघ्रगणनेत देशभर 26,838 ठिकाणी कॅमेरे लावलेले आणि जवळजवळ साडेतीन कोटी फोटो आले, गिनीज बुकात नोंद झाली त्याची. त्यात वाघाचे 76,651. म्हणजे त्यांना पण बाकी सगळं गवत आणि म्हशीच की. पूर्वी पंजाचे ठसे घेऊन वाघ मोजायचे, राजस्थानात सारिस्काच्या जंगलात कागदावर वाघ होते आणि 2005 मध्ये बघितलं तर एकही नाही, मग ती पद्धत सुटली. कॅमेऱ्यानं मोजायची रीत आपल्याच कर्नाटकात वाघांचे अभ्यासक उल्हास कारंत यांनी नागरहोळेत नव्वदच्या दशकात बसवली. वाघाचे पट्टे प्रत्येकाचे वेगळे, आणि डाव्या अंगाचे वेगळे, उजव्या अंगाचे वेगळे, म्हणून ते वाटेच्या दोन्ही बाजूंना एकेक कॅमेरा लावतात, जरा पुढंमागं, एकाचा फ्लॅश दुसऱ्यात जाऊ नये म्हणून. बिबट्याचे ठिपके पण तसेच ओळखता येतात. डुक्कर आणि गवे मात्र सगळे सारखेच दिसतात, ते असे चेहऱ्यावरनं मोजता येत नाहीत. हे वाचल्यावर मी काकांना सांगितलं, तर म्हणाले म्हशी येतात की ओळखता, मला आमच्या सगळ्या येतात.

बिबट्याचं म्हणाल तर माझ्याकडं शेपूट आहे. फेब्रुवारीतलं. शेवटचं टोक वर वळलेलं, बाकी बिबट्या फोटोच्या बाहेर. कंपनी म्हणते ट्रिगर (म्हणजे जनावर कळल्यापासनं फोटो निघेपर्यंतचा वेळ) 0.2 सेकंद, माझ्या मते झोपेतनं उठल्यावर एक सेकंद तरी घेतो. हे शेपूट मी मोबाइलला वॉलपेपर ठेवलंय. बाकी वर्षभरात भेकर, उदमांजर, मुंगूस, रानकोंबड्या, एकदा अस्वलाचं बूड, आणि गव्यांचा कळप थंडीत चारवेळा.

अजून एक, हे कुठल्या रिव्ह्यूत वाचलं नाही म्हणून लिहितो. मार्चमध्ये मी हौसेनं कॅमेरा ओढ्याच्या वाटेवर हलवला. आठवड्यानं कार्ड बघितलं तर जनावरं कमी आणि वाडीतल्या बायका जास्त, लाकडं आणताना, ओढ्यावर पाय धुताना, एकीनं तर थेट काचेत बघितलंय आणि पदर ओढलाय. मला स्वतःलाच कसंतरी झालं. सगळे पुसले आणि दुसऱ्या दिवशी कॅमेरा परत आपल्या बांधाच्या आत आणला, तोंड आपल्याच सरीकडं. अभयारण्यात तर लावायचाच नाही, 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात तिथं आत जाऊन फोटो काढायला परवाना लागतो, आपलं शेत आपला फणस एवढंच ठेवा. आणि साखळीकुलूप लावा, माकडं पट्टा सोडतात, माणसांचं तर काय बोलायचं.

घ्यावा का? दहा हजाराच्या आत यापेक्षा भारी काही मिळेल असं वाटत नाही. रब्बी-काजूला जनावराचा त्रास आहे आणि कोण येतंय तेच कळत नाही, तर घ्या. वाघाचा फोटो फेसबुकवर टाकायला घेणार असाल तर नको. साळींदरं थांबली का म्हणाल तर नाही, त्यांना काय कॅमेऱ्याची लाज. कडेच्या दोन सऱ्यांना खालनं जाळी पुरलीय, तिथली वाचली. पाचपैकी तीन स्टार, एक तारखेचा कापला, एक दमटपणाचा.

हल्ली कार्ड काकाच काढतात, दोन कार्डं आहेत, एक काढून दुसरं घालतात, आणि काढलेलं काड्यापेटीत घालून बेळगावला येणाऱ्या कुणाकडं तरी देतात. काल दूधवाल्याकडनं काड्यापेटी आली. 64 फोटो, पहिले 51 म्हैस. उरलेले जेवण झाल्यावर बघतो, काकांचा दोनदा फोन येऊन गेलाय.