कपडे पिळायचं मशीन घेतलं आणि मीच पिळला गेलो

आयटीआयमध्ये २९ वर्षं पोरांना मोटर वायंडिंग शिकवलं आणि रिटायर झाल्यावर कूलरच्या मोटरने फसलो. लाज वाटत होती म्हणून चार महिने घरात कुणी विषय काढला तरी उठून जायचो. गेल्या आठवड्यात एका मित्राने एक जाहिरात दाखवली. ती पाहून मात्र लिहायचं ठरवलं.

मला जुन्या यंत्रांचा नाद आहे. नागपूरच्या इतवारीतल्या लोहा ओळीत खिळे आणायला गेलो तर येताना हातात गंजलेला वाइस असतो, असा प्रकार. एक दिवस मोबाइलवर ‘पुरानं अँटिक वॉशिंग मशीन’ अशी जाहिरात दिसली, किंमत ४,००० रुपये. कळमन्याकडे एका टिनाच्या शेडमध्ये ते उभं होतं. चार पाय, गोल टब आणि वर आडव्या हातावर दोन रोल. धुतलेला कपडा रोलांमधून गेला की पिळून बाहेर पडतो, तेच रिंगर मशीन.

आता माझी चूक ऐका. विकणारा तीस-बत्तीसचा, अदबशीर पोरगा. ‘हे काय हाय जी सर, मले तं काही माहीत नाही,’ म्हणाला. झालं. २९ वर्षांची सवय, मी वर्गच सुरू केला. अमेरिकेत आयोवा राज्यात न्यूटन नावाचं गाव आहे, तिथे मेटॅग कंपनीने १९२२ पासून अॅल्युमिनियमच्या टबाची मशीनं काढली, पार १९८३ पर्यंत ती रिंगर मशीनं बनवत होती. आपल्याकडे असलं मशीन कामठी छावणीतल्या एखाद्या साहेबाच्या बंगल्यातून निघालेलं असू शकतं. आणि हो, अमेरिकेची मोटर ११० व्होल्टची. ट्रान्सफॉर्मर लावला तर व्होल्टेज उतरतं, पण विजेची सायकल, म्हणजे सेकंदाला होणारी आवर्तनं, आपली ५० चीच राहते. ६० सायकलची मोटर इथे एक-षष्ठांश हळू फिरते आणि तापतेही. तो मान हलवत होता. शेवटी म्हणाला, ‘मालकाले विचारून सांगतो जी.’

आठ दिवसांनी त्याचाच फोन. मशीन ‘सर्व्हिसिंग करून’ ठेवलं होतं. टब चांदीसारखा चकाकत होता, अंगावर पितळी पाटी: मेटॅग, न्यूटन, आयोवा. ‘कामठीच्या साहेबाच्या बंगल्यातलं हाय सर. तुम्ही म्हणे ११० चा लफडा असते, म्हणून तुमच्यासाठी मोटर २३० ची करून घेतली.’ किंमत १८,०००. म्हणजे माझ्या एका लेक्चरची किंमत १४,०००, तीही मीच भरायची. पाटीचे स्क्रू नवे कोरे प्लसचे होते, ते मला दिसले. दिसून काय उपयोग? मनाने मीच उत्तर देऊन टाकलं, साफ करताना बदलले असतील.

त्याने बटण दाबलं. टब रिकामाच, आतला पंखा इकडून तिकडे गोड फिरला, रोल फिरले, आवाज जवळजवळ नाही. ‘चालू करून दाखवलं ना सर.’ मी तिथेच फोनवरून पैसे पाठवले.

घरी पहिला दणका नातीने दिला. फ्रिजवरचं टेकडीच्या गणपतीचं मॅग्नेट तिने टबाला लावलं आणि बाप्पा तिथेच चिकटले. अॅल्युमिनियमला चुंबक चिकटत नाही, हे मी दरवर्षी पहिल्या महिन्यात शिकवायचो. मेटॅगने इनॅमलचा मुलामा दिलेले लोखंडी टबही केले, पण माझ्या पुढ्यात होता तो पत्रा आणि वर सिल्व्हर पेंट. मशीन बहुधा खरंच जुनं आहे, कुठल्या कंपनीचं देव जाणे.

मग टबात पाणी भरून दोन सोलापुरी चादरी टाकल्या. मोटर घुमली, अडकली, पाचव्या मिनिटाला वास सुटला. उघडून पाहतो तर कूलरच्या पंख्याची मोटर! रिकामा टब हलवण्यापुरती ताकद, ओल्या चादरीपुढे शून्य. गिअरचा डबा उघडला तर ग्रीसमध्ये लाकडाचा भुसा कालवलेला. झिजलेल्या गिअरचा खडखड दाबायची जुन्या मोटारगाड्या विकणाऱ्यांची ही युक्ती. शेडमध्ये तो गोड आवाज भुशाचा होता. रोल म्हणजे लाकडी दांड्यांवर चढवलेली सायकलची ट्यूब.

इथपर्यंत मी हसूनही सांगू शकतो. पुढचं नाही. रिंगरच्या वर एक दांडी असते. हात आत ओढला जायला लागला तर तिच्यावर धपाटा मारायचा, की दाब सुटून रोल वेगळे होतात. अमेरिकेत बायका-पोरांचे हात कोपरापर्यंत आत जायचे, डॉक्टरांनी त्या दुखापतीला ‘रिंगर आर्म’ असं नावच ठेवलं होतं. माझ्या मशीनवर ती दांडी बोल्ट घालून आवळून टाकली होती. ढिली ट्यूब घसरू नये म्हणून दाब कायम ठेवलेला. नात सात वर्षांची आहे आणि रोलमधून आपला रुमाल घालायचा तिने हट्ट धरला होता. तेव्हापासून बायको त्या मशीनजवळ कुणाला फिरकू देत नाही.

त्याला फोन केला. तो रडवेला झाला. ‘सर, मालकानं मलेबी फसवलं. असली रबरी रोल अन् मोटर मुंबईहून मागवून देतो, फक्त ६,५०० टाका.’ आणि मी टाकले. हो, टाकले. १८,००० वाचवायला माणूस आणखी ६,५०० घालतो, हे मला तेव्हाच कळलं. त्यानंतर फोन बंद, शेडला कुलूप. शेडचा घरमालक म्हणतो, महिनाभरासाठीच दिली होती. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला कळवलं, ठाण्यात अर्ज दिला, पोच जपून ठेवली आहे.

असलं मशीन घेणार असाल तर बादलीभर नव्हे, टबभर पाणी आणि चादरी घेऊन जा आणि वीस मिनिटं चालवायला लावा. खिशात चुंबक ठेवा. गिअरच्या डब्याचं झाकण उघडू देत नसेल तर चहासुद्धा पिऊ नका. रोलच्या टोकाला नख दाबून बघा आणि दांडीवर स्वतः धपाटा मारून बघा, तेही मशीन बंद असताना. आणि तोंड बंद ठेवा, हे मला जमलं नाही.

मित्राने दाखवलेली जाहिरात वर्ध्याची होती. वेगळं मशीन, वेगळा नंबर, किंमत २४,०००. खाली लिहिलं होतं: ‘कामठीच्या साहेबाच्या बंगल्यातलं. ६० सायकलची मोटर आपल्याकडे एक-षष्ठांश हळू फिरते, म्हणून बदलून दिली आहे.’