परिपाठाला काय म्हणायचं: पसायदान, साने गुरुजी की संविधानाची उद्देशिका?

जून लागला की जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीत हा विषय निघतोच. समितीत तीन चतुर्थांश पालक, त्यामुळे आवाजही चढतात.

आधी शाळा कुणाच्या पैशावर चालते ते बघा. पूर्ण सरकारी असेल तर घटनेचं कलम २८(१): धार्मिक शिक्षण देताच येत नाही. अनुदानित संस्थेची असेल तर २८(३): पालकाच्या संमतीशिवाय लेकराला उपासनेला उभं करता येत नाही. रोजची प्रार्थना 'धार्मिक शिक्षणात' मोडते का? केंद्रीय विद्यालयांतल्या प्रार्थनेवरून आलेला हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये मोठ्या पीठाकडे सोपवला.

पसायदान आपल्या घरचं. ज्ञानोबांचं आपेगाव पैठणजवळच. दुष्ट मरोत असं ते मागत नाही, दुष्टपणा जावो एवढंच मागतं. पण नऊ ओव्यांची जुनी मराठी लहानग्यांना जड जाते, आणि देव कितीही विश्वात्मक असला तरी हात जोडायचे की नाही, हा प्रश्न काही घरांत उरतोच.

साने गुरुजींची 'खरा तो एकचि धर्म' पहिलीच्या पोरालाही चटकन पाठ होते. प्रभू तिच्यातही आहे, फक्त कुठल्या एका पंथाचा नाही.

उद्देशिकेत देव नाही. श्रद्धा व उपासनेचं स्वातंत्र्य मात्र आहे. 'सार्वभौम' म्हणताना दुसरीतल्यांची जीभ अडखळते, आणि अर्थ सांगितला नाही तर नुसती घोकंपट्टी होते.

मौन कागदावर छान. दोन मिनिटांत मागच्या रांगेत खसखस पिकते.

माझं मत विचाराल तर उद्देशिका रोज, साने गुरुजी जोडीला, पसायदान आठवड्यातून एकदा, अर्थासह. पण खरी मेख निवडीत नाही, न म्हणणाऱ्या लेकराचं काय करता यात आहे. केरळात तीन भावंडं राष्ट्रगीताला आदराने उभी राहत, गात नसत. शाळेने त्यांना काढलं आणि १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परत घ्यायला लावलं. न्यूयॉर्कमध्ये सगळ्यांना चालेल अशी २२ शब्दांची प्रार्थना सरकारी मंडळाने बेतली होती, गप्प राहायची मुभाही होती. तरी १९६२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती घटनाबाह्य ठरवली. आपल्याकडे उलटं घडलं: १९३८ मध्ये निजामी राजवटीत वसतिगृहाच्या प्रार्थनेत 'वंदे मातरम' म्हटलं म्हणून औरंगाबादच्या कॉलेजचे आणि हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाचे विद्यार्थी काढले गेले. कित्येकांनी शिकायला नागपूर गाठलं.

म्हणून ठरावात गाण्याच्या नावाखाली आणखी एक ओळ घाला: जो म्हणणार नाही त्याने शांत उभं राहावं, आणि गुरुजींनी त्याला कारण विचारू नये.