फोटो काढून गणित सोडवणारं अ‍ॅप आणि आठवीचे घातांक : सात महिन्यांनंतर

मुलगी आठवीत, सेमी इंग्रजी. जूनमध्ये मैत्रिणीकडून तिला हे अ‍ॅप कळलं. गणिताचा फोटो काढायचा, की पायऱ्यांसकट उत्तर हजर. नाव मुद्दाम लिहीत नाही. असली चार-पाच अ‍ॅप आहेत, मी दोन वापरली, आणि खालचं सगळं दोन्हींना लागू आहे. (मोबाइलवर घातांक वर चढवणं मला जमत नाही, म्हणून शब्दांत लिहितोय. चालवून घ्या.)

पहिले दोन महिने घरात आनंदीआनंद होता. 'घातांक व घनमूळ' हा धडा पहिल्या सत्रातच येतो. गृहपाठाची वही बरोबरच्या खुणांनी भरलेली. मग घटक चाचणी झाली आणि २० पैकी ९. पेपर बघितला तर २ चा ३ रा घात अधिक २ चा ४ था घात, याचं उत्तर बाईसाहेबांनी २ चा ७ वा घात, म्हणजे १२८ लिहिलेलं. आठ आणि सोळा चोवीस! हेच गणित गृहपाठात होतं, तिथं २४ होतं. अ‍ॅपनं दिलेलं, तिनं उतरवलेलं.

अ‍ॅपला दोष देऊन उपयोग नाही, ते विचारलेलं बरोबर सोडवतं. पण पायरीत नुसतं ८ + १६ दिसतं. गुणाकारात घातांकांची बेरीज होते आणि बेरजेत का होत नाही, हे विचारायची सोय नाही. पैसे भरून जास्तीचं स्पष्टीकरण मिळतं म्हणून एक महिना भरले. तिथं नियम इंग्रजीत आणखी मोठ्या अक्षरांत आला, एवढंच.

५ चा उणे २ रा घात हे दुसरं दुखणं. पोरगी ठामपणे −२५ लिहायची. अ‍ॅप म्हणतं १/२५, नियम अमुक. शेवटी मीच वहीच्या मागच्या पानावर जिना काढला : १२५, २५, ५, १. प्रत्येक पायरी उतरताना ५ नं भागायचं आणि घातांक एकानं कमी करायचा. १ च्या खाली काय? १/५. त्याच्या खाली १/२५. घातांक शून्य असताना १ का येतो, तेही त्याच जिन्यात निघालं. दहा मिनिटांचं काम होतं, मी ते जूनमध्येच करायला हवं होतं.

आता जिथं अ‍ॅपनं खरंच शिकवलं ते सांगतो. २२५ चा ३/२ वा घात. मुलीनं आधी २२५ चा घन केला, १,१३,९०,६२५, आणि त्याचं वर्गमूळ काढताना पान संपलं. अ‍ॅपनं २२५ ला १५ चा वर्ग म्हणून लिहिलं, घातांक गुणले, १५ चा घन, ३३७५. तीन ओळी. "एवढंच होतं?" म्हणाली, आणि तेव्हापासून आधी मूळ काढते. दुसरं म्हणजे कंस. −३ चा वर्ग तिनं कंस न घालता टाइप केला, −९ आलं. "अ‍ॅप चुकलं!" म्हणून ओरडत आली. कंस घालून बघायला लावलं, ९ आलं. ही चूक मी दहा वेळा सांगूनही गेली नव्हती.

दिवाळीत आत्या आली होती. ती शाळेत संस्कृत शिकवायची, गणिताशी संबंध किराण्याच्या हिशोबापुरता. 'इंडेक्स, इंडेक्स' ऐकून तिनं विचारलं, "म्हणजे घातांकच ना गं?" आणि भास्कराचार्यांच्या 'लीलावती' या गणिताच्या ग्रंथातली ओळ म्हणून दाखवली, 'समद्विघातः कृतिरुच्यते'. दोन सारख्या संख्यांचा घात म्हणजे वर्ग, तसाच तिघांचा घन. घात म्हणजे तिथं गुणाकार! आम्ही चाळीसगावचे, पाटणादेवीच्या वाटेवर भास्कराचार्यांचं नाव लहानपणापासून ऐकलेलं, आणि हे मला पंचेचाळिसाव्या वर्षी कळलं. मुलगी थोडा वेळ गप्प होती, मग म्हणाली, "मग बेरजेत कशाला मिळवतील घातांक? तिथं गुणाकार कुठंय?" त्यानंतर १२८ वालं उत्तर पुन्हा आलेलं नाही.

तेव्हापासूनचा नियम असा : गणित आधी वहीत, मग अ‍ॅप फक्त ताडून बघायला, आणि चुकलं असेल तर आपली पहिली चुकलेली ओळ लाल पेनानं गोल करायची. जानेवारीच्या चाचणीत २० पैकी १६. पैशाची योजना बंद केली, फुकटातलं पुरतं. पाचपैकी साडेतीन देईन.

एक तक्रार मात्र अजून तशीच. चौकटीच्या वहीवर हातानं लिहिलेला २ चा ५ वा घात ते सर्रास पंचवीस वाचतं. टाइप करा, नाहीतर घातांक चांगला उंच लिहा. आमची आता इतका उंच लिहिते की तो वरच्या ओळीतल्या उत्तराला जाऊन चिकटतो. परवा वहीत शेरा आला, "घातांक खाली उतरवा."