सागवानाच्या भावात आंबा, ५१,४०० रुपये

रक्कम आधीच सांगतो, कारण ऐकणारा पहिल्यांदा तेच विचारतो. सोफा ४६,५००. टेम्पो १,८००. उतरवणारे दोघे, त्यांचे ६००. आणि ‘वॉटरप्रूफ कोटिंग’ म्हणून जो काही फवारा मारला त्याचे २,५००. एकूण ५१,४००. पेन्शनमधले.

मी गणिताचा निवृत्त शिक्षक. एकतीस वर्षे मुलांना घनफळ शिकवले. हेही आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे पुढे हसायला सोपे जाईल. गावाचे नाव मात्र लिहीत नाही, निम्मे गाव माझे विद्यार्थी आहे.

आमच्या मोठ्या रस्त्याला लागून एक हॉल आहे. उन्हाळ्यात तिथे कधी हातमागाचा सेल, कधी फर्निचरचा. तुम्हाला हे प्रकार माहीत आहेत, जास्त सांगत नाही. ४ मे २०२५, रविवार. मुलाचे लग्न ठरले होते, गणेश चवथीला व्याही पहिल्यांदाच घरी येणार होते आणि आमच्या बसायच्या खोलीत वीस वर्षांची सेटी. बायको म्हणाली, “अहो, त्यांना काय या सेटीवर बसवणार?” पणजीच्या शोरूममध्ये सागवानी थ्री-प्लस-वन-प्लस-वन ८२,००० सांगितला होता. इथे ६८,००० वरून ४६,५०० ला आला. याला लोभ म्हणणाऱ्यांनी खुशाल म्हणावे. मला तो हिशेब वाटला.

आता तो क्षण. गेले कित्येक महिने रात्री तीनला जाग आली की मी त्याच हॉलात उभा असतो.

मी सोफ्याखाली बघायला वाकलो होतो. खरेच वाकलो होतो! गुडघा जमिनीला टेकला होता. खाली काळे कापड ताणून स्टेपल मारलेले, एका कोपऱ्यात स्टेपल सुटून बोटभर फट पडलेली. मी त्या फटीत बोट घालणार, एवढ्यात विकणाऱ्या माणसाने मला दंडाला धरून उठवले. प्रेमाने, मुलगा बापाला उठवतो तसे. म्हणाला, “नीचे क्या देखना है अंकल, ऊपर बैठने की चीज है.” आजूबाजूचे हसले. मीही हसलो. आणि बसलो.

ते बोट घातले असते तर हे लिहायची वेळ आली नसती. गुडघा झाडून हसत बसलो, याचीच लाज पैशांपेक्षा जास्त वाटते.

आगाऊ २०,००० यूपीआयने दिले. स्क्रीनवर कुणा बाईचे नाव आले, बॅनरवरच्या नावाशी काही संबंध नाही. “भाभी का अकाउंट है.” बरे. बिल मागितले तर म्हणाला, अठरा टक्के जीएसटी कशाला भरता, कच्चे घ्या. इथे माझी चूक आहे, मान्य. पण ४६,५०० वर १८ टक्के म्हणजे ८,३७० रुपये होतात आणि कोण नको म्हणेल ते सांगा. त्या कच्च्या कागदावरही एक जीएसटी नंबर छापलेला होता, म्हणून मी निर्धास्त. तो मी सप्टेंबरमध्ये मोजला. चौदा अक्षरे. जीएसटीचा नंबर पंधरा अक्षरांचा असतो आणि गोव्यातली नोंदणी असेल तर सुरुवात ३० ने होते. जीएसटीच्या पोर्टलवर नंबर टाकला की मालकाचे नाव दिसते, फुकट, अर्ध्या मिनिटात. मोबाईल तेव्हाही माझ्या खिशातच होता.

१७ मेला माल आला. उरलेले २६,५०० रोख हवे होते, “ऑनलाइन की लिमिट खतम.” आभाळ भरलेले, टेम्पोवाला घाईत, सगळे प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले. दोन पोरांनी थ्री-सीटर हसत-खेळत आत आणला. सागवानी सोफा दोघांना असा नेता येतो का? आमच्या जुन्या कपाटाचा नुसता दरवाजा काढायला दोघे लागतात. हेही तेव्हा दिसले होते, फक्त कळले नव्हते.

त्या वर्षी पाऊस मे महिन्यातच आला. जुलैत हाताखालच्या लाकडातून पीठ पडायला लागले, रव्यासारखे बारीक, पिवळट. बायको रोज सकाळी पुसायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढीच ढिगली. मी म्हटले, नवीन लाकूड आहे, सुकतेय. गप्प राहिलो असतो तर बरे झाले असते.

२७ ऑगस्ट, चवथ. आरती झाली, माटोळीचे, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळांच्या आराशीचे, कौतुक झाले, व्याही सोफ्यावर टेकले आणि कर्रकन आवाज होऊन बूड खाली, पाय वर. सज्जन माणूस, म्हणाले, “माझंच वजन वाढलंय.” मला धरणीने पोटात घेतले असते तर बरे वाटले असते. आमच्या जुन्या घराच्या दारात सोपो होता, बसायचा कट्टा, मातीचा, शेणाने सारवलेला. त्याला ना फोम ना गॅरंटी. चार पिढ्या त्यावर बसल्या, कुणी खाली गेल्याचे ऐकले नाही.

विसर्जनानंतर शेजारचे मेस्त्री आले. सोफा उलटा केला आणि काळे कापड टराटरा फाडले. हाताच्या लाकडावर आतून पटाशीने खरवडले, वास घेतला आणि म्हणाले, “मास्तर, हें सागवान न्हय, हें आंब्याचें.” सागाला तेलकट, चामड्यासारखा वास येतो. तो पॉलिशखाली दडतो, म्हणून आतल्या, पॉलिश न लागलेल्या बाजूला हुंगायचे. आतला सांगाडा तर आंब्याचाही नव्हता. मालाच्या खोक्यांच्या फळ्या. एका फळीवर काळा शिक्का, गव्हाच्या कणसाचे चिन्ह आणि बाजूला इंग्रजीत एचटी. परदेशी मालाच्या पॅकिंगचे लाकूड भट्टीत तापवले की हा शिक्का मारतात. म्हणजे माझ्या व्याह्यांच्या बुडाखाली कुठल्या तरी बंदरात उतरलेले खोके होते. आडवे पट्टे सहा हवे तिथे तीन, तेही प्रत्येकी एका खिळ्यावर.

मग मी गादी उचलली. दुकानात “चेन मत खोलो, सिर्फ शो के लिए है” म्हणून जी उघडू दिली नव्हती, ती. ‘फोर्टी डेन्सिटी’ असे त्याने दहा वेळा सांगितले होते. फोर्टी म्हणजे एका घनमीटरला ४० किलो, बाकी काही नाही. गादी २२ इंच लांब, २२ रुंद, ५ जाड. २,४२० घनइंच, म्हणजे साधारण ०.०४ घनमीटर. फोम १ किलो ६०० ग्रॅमच्या आसपास भरायला हवा. नाक्यावरच्या पोसरकाराच्या, म्हणजे किराणावाल्याच्या, काट्यावर ठेवला. ८७० ग्रॅम. बावीसची डेन्सिटी. सातवीच्या मुलाने तोंडी सांगितले असते.

फोन अर्थातच बंद. हॉलवाला म्हणाला, मी ठेकेदाराला भाड्याने दिला होता. ठेकेदाराचा नंबर अस्तित्वातच नाही. पंचायतीत गेलो, तर तिथे दहा दिवसांचा परवाना दिल्याची नोंद आहे, अर्जावर नाव आहे, पण पत्त्याच्या जागी फक्त ‘उत्तर प्रदेश’. उत्तर प्रदेश! मी अर्जावर पिनकोड विसरलो तर हेच लोक परत पाठवतात. तिथला माणूस म्हणाला, “आम्ही फक्त परवाना देतो.” मग पैसे कशाचे घेता? यावर तो चहा प्यायला गेला.

चौकीवर गेलो. हवालदार माझा विद्यार्थी निघाला, त्यामुळे खुर्ची मिळाली. मी म्हटले, ४२० लाव. तो म्हणाला, “सर, ४२० आता नाही, नव्या कायद्यात ३१८ झाली.” आख्ख्या प्रकरणात सरकारकडून मिळालेली ही एकमेव मदत. पुढे म्हणाला, हे सिव्हिल मॅटर आहे, ग्राहक आयोगात जा. तिथे कळले की पाच लाखांपर्यंत फी नाही, वकील लागत नाही, दोन वर्षांची मुदत आहे, सगळे छान. फक्त समोरच्याचा पत्ता हवा. पत्ता कोण शोधणार? पोलीस. पोलीस म्हणतात सिव्हिल. बँक म्हणाली, पिन तुम्हीच टाकलात, आम्ही काय करणार. भाभीच्या खात्याची माहिती द्या म्हटले तर ती पोलिसांनी मागायला हवी. पाच हेलपाटे, पेट्रोल वेगळे. शेवटी पोलीस अधीक्षकांच्या नावाने स्पीड पोस्टने लेखी तक्रार पाठवली. चौकीने गुन्हा नोंदवला नाही तर तसे पाठवायची कायद्यात सोय आहे, करा. पोहोच आली. उत्तर आलेले नाही.

बाकी कुणाला घ्यायचाच असेल तर काळे कापड स्वतः उचका, विकणारा चिडला तर चिडू दे. रोख मागितले की उठा. घरी येणारा सोफा तोच असेल असे समजू नका, निवडलेल्या नगावर आतून पेनाने सही करा. रेग्झिन घेऊ नका, आपल्या हवेत दोन-तीन पावसाळ्यांत पापुद्रे सुटतात. आणि खिशात लहान वजनकाटा न्या, हसू देत लोकांना.

मेस्त्रींनी नवीन सांगाडा, बेल्ट, फोम मिळून १७,००० सांगितले आहेत. अजून हो म्हटलेले नाही. व्याह्यांना दिवाळीला प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवले.

गेल्या आठवड्यात त्याच हॉलवर पुन्हा बॅनर लागला. नाव दुसरे, बाकी अक्षर न अक्षर तेच. मी लगेच चौकीला फोन लावला. हवालदाराने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “सर, या वेळी तुम्ही काही घेतलंत का?” नाही म्हटले. “मग तक्रार कशाची लिहू?”