ग्रॅफाइट फर्नेस घ्यावी की आयसीपी-एमएस?

भारतीय मानक आयएस 10500 प्रमाणे पिण्याच्या पाण्यात आर्सेनिक आणि शिसं लिटरमागे 0.01 मिलिग्रॅमपर्यंत चालतं, कॅडमियम 0.003, पारा 0.001. ज्योतीवरच्या साध्या एएएसला (अणूंनी किती प्रकाश शोषला यावरून धातू मोजणारं यंत्र) इतकं बारीक दिसत नाही. छोट्या लॅबचं घोडं अडतं ते इथेच. मग पर्याय दोन: एएएसमध्येच ज्योतीऐवजी तापणारी ग्रॅफाइटची नळी, म्हणजे फर्नेस; किंवा आयसीपी-एमएस, म्हणजे आर्गॉन वायूच्या तप्त प्लाझ्मात सॅम्पलचे आयन करून ते वस्तुमानाप्रमाणे मोजणारं मशीन.

रोज पाच-सहा सॅम्पल आणि दोनच धातू असतील तर फर्नेस खुशाल घ्या. 20 मायक्रोलिटरचा थेंब नळीत पडतो, वाळतो, भाजतो आणि शेवटी अणू होऊन उडतो. एका फेरीला तीनेक मिनिटं. पण धातू एकेक करूनच मोजायचा. 25 सॅम्पल, 10 धातू, प्रत्येकी दोन फेऱ्या: झाले 25 तास, आणि स्टँडर्ड (ठाऊक प्रमाणाची द्रावणं) अजून लावलेच नाहीत. शिवाय पाऱ्यासाठी कोल्ड व्हेपरचा (न तापवता पाऱ्याची वाफ मोजण्याचा) वेगळा संसार. आयसीपी-एमएस एकेक सॅम्पल तीन-चार मिनिटांत सगळ्या धातूंसकट उरकतं.

मात्र त्याला आर्गॉन लागतो मिनिटाला 15 ते 20 लिटर. सात घनमीटरचा सिलिंडर सकाळी लावला की संध्याकाळी रिकामा. कोटेशनमध्ये हा हिशेब कुणी लिहून देत नाही.

खरी गोम क्लोराइडची. आर्सेनिकचं वस्तुमान 75, आणि निसर्गात त्याला दुसरा आयसोटोपच (वेगळ्या वस्तुमानाचा अणू) नाही. प्लाझ्मातला आर्गॉन (40) आणि पाण्यातलं क्लोरीन (35) जोडी जमवतात, तीही 75 चीच. खाडीकाठच्या विहिरीत नसलेलं आर्सेनिक दिसतं ते असं. हेलियमच्या कोलिजन सेलमध्ये (मशीनमधला आयनांना वायूशी धडकवणारा कप्पा) ही जोडगोळी आकाराने मोठी असल्याने जास्त धडका खाते, वेग गमावते आणि मागे पडते. म्हणून सेल नसलेलं जुनं मशीन कितीही स्वस्त मिळो, नको. डेमोला जाताना अतिशुद्ध मीठ लिटरला 1.65 ग्रॅम विरघळवून न्या, म्हणजे क्लोराइड 1000 मिलिग्रॅम होतं. हेलियम बंद असताना आर्सेनिकचा खोटा आकडा येईल. चालू केल्यावर तो ब्लँकला (धातू नसलेल्या शुद्ध पाण्याच्या आकड्याला) टेकला पाहिजे.

फर्नेसचीही यातून सुटका नाही. तिथे शिसं क्लोराइड होऊन भाजतानाच उडतं, म्हणून पॅलेडियमचा मॉडिफायर (शिशाला धरून ठेवणारं रसायन) घालावा लागतो.

जस्त मोजणाऱ्यांनी तर मशीनआधी आपले ग्लोव्हज बघावेत, कारण त्यांतूनही जस्त सॅम्पलमध्ये उतरतं. मी ॲसिडची नवी बाटली फोडली की पहिला ब्लँक तिचाच चालवतो.

महिन्याला जेमतेम वीस सॅम्पल येत असतील तर दोन्ही मशिनं सोडा. नायट्रिक ॲसिडने सॅम्पलचा पीएच 2 च्या खाली आणा, आणि तेच ॲसिड घातलेली शुद्ध पाण्याची एक बाटली जोडून एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी संस्था) मान्यतेच्या लॅबला पाठवा.